फेरारी ३६० मोडेना : सहा वर्षांचा सांभाळ

घाटमाथा

गेल्या आठवड्यात इथेच कुणीतरी लिहिलं होतं की जुनी फेरारी घेणं म्हणजे दारात पांढरा हत्ती बांधणं. त्याला उत्तर लिहायला बसलो आणि ते एवढं लांबलं की वेगळा धागाच काढतोय.

मी मूळचा सांगलीचा. पंधरा वर्षं इंग्लंडात आहे, सध्या डर्बीजवळ. सहा वर्षांपूर्वी २००२ सालची ३६० मोडेना घेतली. लाल, मॅन्युअल गिअरची. एका बऱ्यापैकी नव्या जर्मन एसयूव्हीला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात आली. म्हणजे रक्कम मोठीच, पण आठ-नऊ वर्षं साठवून उभी करता आली.

हीच गाडी का, हे माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको. २००२ मध्ये सचिनने ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली आणि फेरारीची तेव्हाची मालक असलेल्या फियात कंपनीने त्याला ३६० मोडेना भेट दिली. इंग्लंडात सिल्व्हरस्टोनच्या रेसट्रॅकवर फेरारीचा फॉर्म्युला वन ड्रायव्हर शूमाकर याच्या हातून चावी घेतानाचा त्याचा फोटो मी सांगलीत होस्टेलच्या खोलीत चिकटवला होता. पुढे त्या गाडीच्या आयातशुल्काच्या माफीवरून गदारोळ झाला, शेवटी शुल्क फियातने भरलं. माझ्या डोक्यात मात्र गाडीच राहिली.

आता कामाचं. ३६० ला मागे ३५८६ सीसीचं व्ही-८ इंजिन आहे. दर सिलिंडरला ५ व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण ४०. ८५०० आरपीएमला ४०० अश्वशक्ती. हे सगळे व्हॉल्व्ह वेळेवर उघडावेत-मिटावेत याची जबाबदारी रबराच्या दोन टायमिंग बेल्टांवर. त्यातला एक जरी तुटला किंवा दोन दाते सरकला, तर उघडा राहिलेला व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतो आणि इंजिन गेलं. हे रबर गाडी चालवली नाही तरी म्हातारं होतं. म्हणून बेल्ट बदलायचा तो मैलांवर नाही, वर्षांवर. मी दर ३ वर्षांनी बदलतो.

३६० च्या आधीच्या मॉडेलला, एफ-३५५ ला, या कामासाठी इंजिन मागच्या सबफ्रेमसकट, म्हणजे त्याला धरणाऱ्या सांगाड्यासकट, खाली उतरवावं लागतं. ३६० मध्ये सीटांच्या मागे एक पॅनेल आहे. सीट काढायच्या, पॅनेल उघडायचं, की बेल्ट समोर. या एका फरकामुळे माझ्यासारख्या पगारदार माणसाला ३६० झेपते. २००४ च्या एफ-४३० पासून तर बेल्ट जाऊन चेनच आली.

माझी गाडी घेताना सर्व्हिस बुकात बेल्ट बदलल्याचा शिक्का होता, जेमतेम दीड वर्षापूर्वीचा. विकणारा माणूस बोलायला गोड. मी विश्वास ठेवला. दोन महिन्यांनी एका स्वतंत्र मिस्त्रीकडे सहज तपासणीला दिली, त्याने पॅनेल उघडलं आणि मला बोलावून घेतलं. बेल्टवर छापलेलं उत्पादनाचं साल शिक्क्याच्या तारखेच्या सहा वर्षं आधीचं होतं. म्हणजे कुणीतरी नुसता शिक्का मारला होता. मी त्या बेल्टवर दोन महिने गाडी चालवली होती, आणि मुलीला शेजारी बसवून चालवली होती. आजही आठवलं की पोटात खड्डा पडतो.

तेव्हापासून जो विचारेल त्याला सांगतो : शिक्का पाहू नका, बिल पाहा. बिलावर पार्ट नंबर हवेत, बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या बेअरिंगांचे वेगळे पैसे लावलेले हवेत. बेल्ट नवा आणि बेअरिंग जुनं असेल तर काम अर्धंच झालंय.

पहिल्या वर्षी साधारण ७८०० पौंड गेले. बेल्ट, चारही टायर, पुढचे बॉल जॉइंट, इंजिनाची माउंटिंगं. त्यानंतर वर्षाला सरासरी साडेतीन हजार, विम्यासकट. घेतली तेव्हा मीटरवर ३१,००० मैल होते, आज ४६,००० आहेत. विचारा काय विचारायचं ते.

नाशिकचा_पोरगा

दादा, एकच नंबर! दोन प्रश्न. ३१,००० मैल चाललेली का घेतली? कमी चाललेली मिळाली नाही का? आणि एफ-१ गिअरबॉक्स का नको?

घाटमाथा

मिळाली होती ना. त्याच आठवड्यात एक ६,००० मैलांची पाहिली. नव्यासारखी चकचकीत, चादरीखाली ठेवलेली. पण वर्षानुवर्षं उभी. उभ्या गाडीचे ऑइल सील वाळतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो, टायर एकाच जागी दबतात. कागदावर ती माझ्या गाडीपेक्षा वीस हजार पौंडांनी महाग होती आणि रस्त्यावर आणायला वर आणखी खर्च. दर उन्हाळ्यात नियमाने चाललेली आणि प्रत्येक बिल जपून ठेवलेली गाडी मी केव्हाही आधी घेईन.

एफ-१ म्हणजे क्लच पेडल नाही, स्टिअरिंगमागच्या पट्ट्या ओढायच्या, क्लच हायड्रॉलिक पंपाने चालतो. उघड्या रस्त्यावर झकास. पण गर्दीत मुंगीच्या पावलांनी सरकताना, चढावर रिव्हर्स घेताना क्लच प्लेट पटापट झिजते. घेणार असशील तर डायग्नोस्टिक मशीन लावून क्लच किती टक्के झिजलाय त्याचा छापील कागद माग, तो निघतो. मॅन्युअलचा क्लच नीट पाय ठेवला तर खूप वर्षं जातो. शिवाय धातूच्या जाळीतून गिअर टाकतानाचा तो टक्-टक् आवाज. त्यासाठी मी दोन वर्षं थांबलो होतो.

पाना_पकड

मी पुण्यात इम्पोर्टेड गाड्यांचं काम करतो, एकोणीस वर्षं झाली. तुम्ही बिलाचं लिहिलंत ते शंभर टक्के खरं. इथली परिस्थिती थोडी सांगतो, कारण वाचणारे बरेच जण इथले असतील.

आमच्याकडे या गाड्यांचा पहिला शत्रू उंदीर. हसू नका कुणी. पावसाळ्यात उबेला इंजिनात शिरतात आणि वायरिंग कुरतडतात. मागच्या श्रावणात एका गाडीचं अख्खं हार्नेस बदललं. पार्ट बाहेरून यायला सात आठवडे, वर त्यावर ड्युटी. मालकाने चार महिने गाडीचं बॉनेट उघडलं नव्हतं. दुसरा शत्रू दमट हवा. लेदरला बुरशी येते. आणि त्या काळातल्या फेरारींच्या बटणांवर जो रबरासारखा मऊ थर असतो तो सुटून चिकट होतो, हात लावला की बोटाला काळं. लोक स्पिरिट लावून घासतात, मग थराबरोबर बटणावरची चित्रंही जातात. घासू नका. पॅनेल उतरवून नीट रंगवून घ्या.

तिसरं म्हणजे आपले स्पीडब्रेकर. ३६० ला पुढून उचलायची सोय नाही. सोसायटीच्या गेटवरच पोट घासतं. गाडी घ्यायच्या आधी घर ते हायवे रस्ता एकदा पायी चालून या, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

पेट्रोल आता बरं मिळतं. १०० ऑक्टेनचं पुण्या-मुंबईत २०२० च्या डिसेंबरपासून आहे. पण जुन्या गाडीत २० टक्के इथेनॉलचं साधं पेट्रोल भरून दोन-तीन महिने उभी ठेवली तर पाइप आणि सील तपासावेच लागतात.

राइनकाठ

किती दिवसांनी इथे मनापासून वाचावं असं काही आलं! मी जर्मनीत कोलोनजवळ राहते. माझी पोर्शे ९११ आहे, ९९६ पिढीतली, २००१ ची. फेरारीइतकी दुर्मिळ नाही, पण भीती तीच.

तुमचा जसा बेल्ट तसं माझं आयएमएस बेअरिंग. इंजिनाच्या आत एक मधला शाफ्ट आहे, त्याच्या टोकाचं हे बेअरिंग. निकामी झालं की त्याचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडे फिरतो आणि इंजिन संपतं. सगळ्यांचं जात नाही, पण कुणाचं जाईल ते आधी कळतही नाही. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही, म्हणून शहाणी माणसं क्लच बदलताना तेही बदलून घेतात. मी तसंच केलं. दर वेळी ऑइल बदलताना फिल्टर कापून त्याच्या घड्या उघडून बघते, धातूचे चमकणारे कण दिसतात का ते. २००९ च्या मॉडेलपासून पोर्शेने इंजिनच नवं आणलं, त्यात हा शाफ्ट नाही.

इथे हंगामी नंबरप्लेट मिळते. माझी एप्रिल ते ऑक्टोबर आहे, कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. हिवाळ्यात गाडी रस्त्यावर न्यायची नाही. आणि एक सांगून ठेवते. न्युरबुर्गरिंगचा रेसट्रॅक माझ्या घरापासून फार लांब नाही, भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा तिथे चला म्हणतो. जाण्याआधी विम्याची कलमं वाचा. तिथलं नुकसान बहुतेक विमा कंपन्या देत नाहीत.

घाटमाथा

@राइनकाठ, फिल्टर कापून बघण्याची सवय फार आवडली. पुढच्या ऑइल चेंजला मीही बघणार.

विम्याचं इथेही आहे, थोडं वेगळं. मी गाडीची किंमत आधी लेखी ठरवून घेतो. कंपनीकडे फोटो आणि मूल्यांकन दिलेलं असतं, गाडी पूर्ण गेली तर तीच रक्कम मिळते, बाजारभावावर वाद नाही. बदल्यात वर्षाला ४,००० मैलांची मर्यादा आणि रात्री बंद गॅरेजची अट.

इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात. ३६० ची चासी आणि बॉडी ॲल्युमिनियमची, त्याला लोखंडासारखा गंज चढत नाही. पण जिथे पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमला टेकतो तिथे खारट पाण्याने रंगाला फोड येतात. म्हणून नोव्हेंबर ते मार्च गाडी आत. बॅटरीला मेंटेनन्स चार्जर कायम लावलेला, कारण अलार्म आणि इमोबिलायझर गुपचूप बॅटरी पीत राहतात.

टायरबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं, इथे मी स्वतः चुकलो होतो. घेताना टायरची नक्षी जवळजवळ पूर्ण होती, म्हणून खूश झालो. पहिल्याच सप्टेंबरच्या पावसात एका गोल चौकात, वेग पस्तीस मैलांच्याही आत, मागचा भाग एकदम बाजूला निघाला. मी घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, आणि नेमकं तेच करायचं नसतं. इंजिनाचं वजन मागे आहे, वळणावर पाय उचलला की मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गरकन फिरते. अर्धा फेरा फिरून उलट्या तोंडाने थांबलो. समोरून कुणी आलं नाही हे नशीब. घरी येऊन टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. टायर नऊ वर्षांचे होते, रबर दगडासारखं झालेलं. दुसऱ्याच दिवशी चारही बदलले. पुढे २१५/४५, मागे २७५/४०, दोन्ही १८ इंची.

साधामाणूस

लेख चांगला आहे, माहितीही आहे. पण मनात आलं ते विचारतो, राग नसावा. वर्षाला साडेतीन हजार पौंड म्हणजे आपल्याकडच्या एका कुटुंबाचा वर्षाचा खर्च. तुम्ही सांगलीचे, साध्या घरातले वाटता. घरचे काय म्हणाले? आई-वडिलांना हे पटलं का?

घाटमाथा

राग कसला. हा प्रश्न मी स्वतःला घेण्याआधीही विचारला होता आणि नंतरही.

आईला नाही पटलं, अजूनही नाही. तिचं म्हणणं मी मानतो, म्हणून घराचं कर्ज आणि मुलीच्या शिक्षणाचे पैसे बाजूला पडल्याशिवाय गाडी घेतली नाही. बाबांचं वेगळं झालं. तेच लिहितो.

बाबा एसटीत होते. डेपोच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं, शेवटी हेड मेकॅनिक. लहानपणी सुट्टीत मी डबा घेऊन जायचो तेव्हा ते पहाटेच्या पहिल्या गाड्या सुरू करून नुसते शेजारी उभे असायचे, डोळे मिटून. त्यांना मी गाडीचं फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "किती जुनी?" "सतरा वर्षं." "लॉगशीट आहे का?" एवढंच.

२०२२ च्या मे महिन्यात दोघं इथे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेज उघडलं आणि गाडी सुरू केली. बाबा मागे जाऊन उभे राहिले, डोळे मिटून. मला वाटलं इंजिन बघतायत, वरच्या काचेतून ते दिसतं. दोन-तीन मिनिटांनी म्हणाले, "टिक टिक करतंय." मला ऐकू येईना. "डाव्या अंगाला. थांब, आता कमी होईल." आणि इंजिन तापलं तसा तो आवाज गेला, हे मला तेव्हा कळलं. म्हणाले, "मॅनिफोल्डला चीर आहे. थंड असताना उघडी राहते, तापलं की धातू फुगतो आणि मिटते. गाड्यांना व्हायचं असं."

मी मिस्त्रीकडे नेली. डाव्या मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाला, चीर होती. ३६० चं हे ठरलेलं दुखणं आहे. मॅनिफोल्डला लागूनच धूर स्वच्छ करणारा छोटा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो आतून फुटायला लागला तर सिरॅमिकचे तुकडे उलटे इंजिनात ओढले जाऊ शकतात. माझा फुटण्याच्या बेतात होता. सहा महिने आणखी चालवली असती तर काय झालं असतं ते सांगता येत नाही.

मिस्त्री इंग्रज, साठीचा. त्याने विचारलं, हे तुला कळलं कसं? मी म्हटलं माझे वडील बसचे मेकॅनिक आहेत. तो म्हणाला त्यांना घेऊन ये. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बाबांनी तिथे तीन तास काढले, उघडलेल्या इंजिनाभोवती. परत येताना गाडीत म्हणाले, "हाताने काम करतो. चांगला माणूस आहे. याला सोडू नको."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी तंतोतंत पाळतो. ऑइल तापेपर्यंत चार हजार आरपीएमच्या वर न्यायची नाही. थंड असताना दुसरा गिअर अडतो, तो जबरदस्तीने टाकायचा नाही, पहिल्यावरून सरळ तिसऱ्यात जायचं. ऑइल बघायचं ते गरम इंजिन सुरू असताना, कारण हे ड्राय सम्प आहे, ऑइल वेगळ्या टाकीत असतं. पुढच्या जाळीमागच्या रेडिएटरांपुढे पानं अडकतात ती दर शरदात हाताने काढायची. आणि प्रत्येक वेळी गाडी काढली की वहीत लिहायचं : तारीख, मैल, ऑइलचं तापमान, काही वेगळं वाटलं का. ती वही आता चौथी चालू आहे.

खर्चाचं उत्तर याने मिळत नाही हे मला माहीत आहे. पण तुम्ही विचारलंत की घरच्यांना पटलं का.

साधामाणूस

मिळालं उत्तर. माझे वडीलही एसटीत होते, कंडक्टर, परळ डेपो. धन्यवाद.

पाना_पकड

साहेब, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. आमच्या गॅरेजातली दोन पोरं एसटीच्या वर्कशॉपमधून ॲप्रेंटिसशिप करून आलीत. कानाने चीर ओळखणारी माणसं आता कमी राहिली. पोरं आधी स्कॅनर लावतात, आणि स्कॅनरला ही टिकटिक ऐकू येत नाही. उद्या सकाळी दोघांना तुमचा हा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

नाशिकचा_पोरगा

दादा, एक शेवटचं. समजा मी पुढे तिकडे आलो, घेतली, आणि परत येताना इकडे आणायची म्हटली तर?

घाटमाथा

नको. जुनी गाडी भारतात आणायची तर ती ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजव्या बाजूला हवं, असा नियम आहे. त्यात शुल्क गाडीच्या किमतीहून जास्त होतं. माझी उजव्या स्टिअरिंगची आहे, पण वय? मी परतलो तर ती इथेच कुणाला तरी देईन, चारही वह्यांसकट. सचिनचीही २०११ मध्ये सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली.

तू आत्तापासून एक कर. जी गाडी किंवा बाइक आहे तिची वही सुरू कर. आणि इंग्लंडला आलास तर निरोप दे, इथल्या डोंगरातल्या कॅट अँड फिडल नावाच्या रस्त्यावर नेतो. वरंधा घाटासारखी वळणं, दोन्ही बाजूंना मोकळा माळ आणि मेंढरं. मेंढरं मधे येतात, म्हणून हळूच.

राइनकाठ

मलाही निरोप द्या! मी फेरीने गाडी घेऊन येईन.

घाटमाथा

नक्की या. जूनमध्ये जमवू.

घाटमाथा

धागा जरा थंडावलाय, तरी एक भर घालतो. दर ३ वर्षांनी बेल्ट बदलायचा तो या आठवड्यात होता. काल संध्याकाळी गाडी आणली. आज सकाळी सांगलीला व्हिडिओ कॉल लावला आणि गॅरेजचं दार उघडलं. बाबा म्हणाले, "चेहरा नको दाखवू, फोन मागे धर." थंड इंजिन सुरू केलं आणि फोन डाव्या बाजूला धरून उभा राहिलो. चार-पाच मिनिटं ते काही बोलले नाहीत. आतून आईचा चहासाठी हाका मारण्याचा आवाज येत होता. मग विचारलं, "बेअरिंगं?"

दोन्ही बदलली म्हटलं.

"जुनी टाकली नाहीस ना?"

नाही टाकली. कापडात गुंडाळून ठेवली आहेत, दिवाळीला येताना घेऊन येणार आहे. त्यांना ती हातावर फिरवून बघायची आहेत.